वाचन अडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, विशेष शिक्षिकेची उत्तरे

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या वाचनाविषयी याच सदरात एक छोटे टिपण लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. मुलांचा विचार करून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि पत्रांचा मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. पुस्तकातला धडा तो घडाघडा वाचतो, पण दुकानाची पाटी किंवा गोष्टीचे नवे पुस्तक समोर धरले की एकेका अक्षरावर अडतो आणि मग अंदाजाने काहीतरी बोलतो. पहिलीपासून त्याला शिकवणी लावली आहे, आता तर रोज दीड तास. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तपासणी केली, तेव्हा डिस्लेक्सिया असल्याचे कळले आणि 'रेमेडियल' लावायला सांगितले. शिकवणीच्या बाईसुद्धा त्याला एकट्यालाच घेऊन बसतात. मग रेमेडियलमध्ये वेगळे काय असते?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलाला तो धडा पाठ आहे. वर्गात चार वेळा ऐकलेला आणि शिकवणीत सहा वेळा घोकलेला मजकूर तो चित्र आणि पहिला शब्द पाहून म्हणून दाखवतो. इतके पाठ ठेवणारे मूल बुद्धीने कमी नाही, हे आधी मनात पक्के करा. खात्री करून घ्यायची असेल तर तोच धडा उघडा, चित्रावर हात ठेवा आणि शेवटच्या ओळीतले शब्द उलट्या क्रमाने, एकेका शब्दाखाली बोट धरून विचारा. जे शब्द त्याला असे ओळखता येतील, तेवढेच त्याचे खरे वाचन.

बोललेला शब्द सुट्या आवाजांचा बनलेला असतो, हे बहुतेक मुलांना शाळेच्या पहिल्या एक-दोन वर्षांत फारसे न शिकवता उमगते आणि मग त्या आवाजांशी अक्षरांची गाठ बसते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शब्दाचा अर्थ कळतो, तो बोलण्यात नीट वापरताही येतो, पण त्या शब्दाचे आवाज सुटे करणे आणि पुन्हा जोडणे त्याला फार जड जाते. 'घ' आणि 'र' ही अक्षरे त्याला वेगवेगळी ओळखता येतात, तरीही 'घ... र...' असे म्हणून झाल्यावर त्यातून 'घर' ऐकू येत नाही. अशा मुलाकडून तोच धडा आणखी दहा वेळा वाचून घेतला तर पाठांतर वाढते आणि वाचन जिथे होते तिथेच राहते. शिकवणीच्या बाईंची मेहनत खरी आहे, पण ती अभ्यास पूर्ण करून घेण्याची मेहनत आहे. रेमेडियलच्या, म्हणजे मूल नेमके कुठे अडते ते शोधून तेवढेच शिकवण्याच्या, आमच्या तासात पुढे काय शिकवायचे हे मुलाच्या मागच्या चुकीवरून ठरते, आणि म्हणूनच तिथे एका मुलासमोर एकच शिक्षक लागतो.

माझा तास पंचेचाळीस मिनिटांचा, आठवड्यातून तीनदा असतो. पहिली सात-आठ मिनिटे टेबलावर कागद नसतो, फक्त शर्टाची चार बटणे असतात. मी म्हणते, "सकाळ." मूल प्रत्येक आवाजाला एक बटण पुढे सरकवते. "आता 'स' काढून टाक, काय उरले?" "काळ." "'का'च्या जागी 'टा' ठेव." "टाळ." "'टा'च्या जागी 'मा'." "माळ." बाहेर बसलेल्या पालकांना हा पोरखेळ वाटतो आणि एवढी फी देऊन बाई मुलाला बटणे खेळायला लावतात, असेही त्यांच्या मनात येत असावे. पण ज्या मुलाला 'सकाळ'मधून 'स' वेगळा काढता येत नाही, त्याला 'स' हे अक्षर कितीही वेळा गिरवायला लावले तरी ते शब्दात नेमके कुठे बसवायचे हे त्याला कळत नाही.

त्यानंतर कार्डे. शिकून झालेल्या अक्षरांची पत्त्यांएवढी कार्डे मी एकेक करून दाखवते. झटकन ओळखलेली एका गठ्ठ्यात, थांबून ओळखलेली दुसऱ्यात आणि चुकलेली तिसऱ्यात जातात. तिसरा गठ्ठा हाच त्या दिवसाचा अभ्यासक्रम. नवी गोष्ट एका तासाला एकच शिकवायची, तीही डोळ्यांनी पाहून, तोंडाने म्हणून आणि ताटलीत पसरलेल्या रव्यावर बोटाने काढून, तिन्ही एकाच वेळी. या पद्धतीचा पाया १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे मेंदुविकारतज्ज्ञ आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी घातला. त्यांचे काम इंग्रजीसाठी होते. मराठीत ते जसेच्या तसे उचलून चालत नाही, पण पायरी चढायची ती आधीची पायरी पक्की झाल्यावरच, हे तत्त्व कोणत्याही लिपीला लागू पडते.

शेवटी वाचन आणि श्रुतलेखन असते, आणि इथे माझा एक नियम मी कधीही मोडत नाही : जे शिकवलेले नाही ते वाचायला द्यायचे नाही. 'बाबा गावात गवत कापतात' हे वाक्य पाहा. यात ब, ग, व, त, क आणि प ही सहा अक्षरे आणि एक काना, एवढेच आहे. सहा अक्षरे आणि काना पक्का झालेले मूल हे वाक्य अंदाज न करता वाचते, आणि ज्या मुलाने तीन वर्षे केवळ अंदाजावर काढली आहेत, त्याला असे वाक्य स्वतःच्या बळावर शेवटपर्यंत वाचता आले म्हणजे ते मान वर करून आपल्याकडे पाहते.

चुकीवरून पुढचा पाठ कसा ठरतो, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली होती. शाळेच्या वहीत तिच्याविषयी 'वाचन कच्चे' एवढाच शेरा होता. पहिले तीन तास मी तिला फक्त वाचू दिले आणि प्रत्येक चूक जशी ऐकली तशी टिपून ठेवली. 'दिवस'चे ती 'दवस' करायची, 'किती'चे 'कती', 'विहीर'चे 'वहीर'. 'काकी', 'पाणी', 'नदी' मात्र एकदाही चुकले नाहीत. टिपणे शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की ती फक्त पहिली वेलांटी गाळते. याचे कारण आपल्या लिपीतच आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. डावीकडून येणाऱ्या डोळ्याला ती सर्वांत आधी भेटते, तिचा सुटा उच्चार करता येत नाही, म्हणून ही मुलगी तिला ओलांडून थेट अक्षरावर जात होती. मी वेलांटी आणि तिच्याखालचे अक्षर एकाच लाल रंगात, एकाच कार्डावर लिहून दिले आणि बोट आधी अक्षराखाली ठेवायची सवय लावली. तीन आठवडे आम्ही दुसरे काही नवे घेतले नाही. त्यानंतर 'किरण', 'शिडी', 'लिहिणे' हे शब्द तिने न अडता वाचले. चाळीस मुलांच्या वर्गात ही गोष्ट कुणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते, त्यामुळे तिच्या वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही.

रफाराचेही असेच आहे. 'गर्दी' म्हणताना 'र' हा 'द'च्या आधी ऐकू येतो, पण लिहिताना तो 'दी'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा एवढा फरक आहे, आणि कागदावर तो एका छोट्या रेघेचा आहे. जोडाक्षरांपर्यंत पोचायला म्हणूनच वेळ लागतो. माझ्या अनुभवात तिसरीत सुरुवात केलेल्या मुलाला साधारण दोन वर्षे द्यावी लागतात, काहींना तीन. तीन महिन्यांत वाचन येईल अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.

शिक्षक निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्यांचे विशेष शिक्षणातले प्रशिक्षण झालेले असावे आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. नंतर महिन्याभराने त्यांना विचारा की माझा मुलगा सध्या नेमके काय चुकतो. ज्यांच्याकडे याचे उत्तर वहीत लिहिलेले असेल, त्यांच्याकडे मुलाला निर्धास्तपणे पाठवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली आणि दुसरीची मिळून सव्वीस मुले माझ्याकडे आहेत. दुसरीतल्या दोघांना खूप प्रयत्न करूनही वाचता येत नाही. पालक ऊसतोडीला जातात आणि जवळपास कुणी विशेष शिक्षक नाही. मला रोज फार तर पंधरा मिनिटे काढता येतील. तेवढ्यात काही होईल का?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : सर, रोजची पंधरा मिनिटे म्हणजे आठवड्याचा दीड तास होतो, आणि शहरातल्या अनेक मुलांना याहून फारसे जास्त मिळत नाही. ती पंधरा मिनिटे दोघांना एकत्र देण्याऐवजी एक दिवसाआड एकेकाला द्या, असे मी सुचवीन, कारण दोघांच्या चुका एकसारख्या असण्याची शक्यता कमी असते आणि एकत्र बसवले की जरा बरे वाचणाऱ्याच्या मागोमाग दुसरा नुसता सूर धरतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. ही मुले हंगामात शाळेतून किती महिने बाहेर होती? ज्याला शिकायलाच मिळाले नाही आणि ज्याला शिकवूनही वाचता येत नाही, ही दोन वेगळी मुले आहेत. पहिले मूल सलग शिकवू लागल्यावर भराभर पुढे जाते. दुसरे तसे जात नाही. सहा-आठ आठवडे नेमाने शिकवून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही, म्हणून तोवर डिस्लेक्सिया हा शब्द वापरू नका. शिक्षकाने तो निष्कर्ष काढायचाही नसतो. आपले काम नोंदी ठेवण्याचे आहे.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका. 'ङ' आणि 'ञ' यांचा दुसरीतल्या मुलाला काहीही उपयोग नाही. ज्या पाच-सहा अक्षरांतून लगेच शब्द तयार होतात ती आधी घ्या. म, क, ळ, न, ल, ग घेतली की 'कमळ', 'मन', 'नळ', 'नकल', 'मळ' एवढे शब्द हाती येतात. दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नका. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' या जोड्यांपैकी एक अक्षर पूर्ण पक्के झाल्यावर, मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन, मगच दुसरे दाखवावे. दोन्ही एकत्र ठेवून 'यातला फरक बघ' असे सांगणे आपल्याला सोपे वाटते, पण या मुलांच्या मनात त्यामुळेच घोटाळा कायमचा बसतो.

बाराखडी म्हणून घेण्यावर वेळ घालवू नका. 'क का कि की' चालीवर म्हणणारी, पण 'की' एकटा समोर ठेवला की 'क'पासून मोजत त्याच्यापर्यंत पोचणारी मुले मी अनेक पाहिली आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बहुधा उच्चारत नाही, हेही मुलाला उघड सांगा. 'घर' वाचताना 'र'ला शेपूट लावायचे नाही, 'करवत' वाचताना 'कर' आणि 'वत' असे दोन घास करायचे. पुस्तकात हे कुठे लिहिलेले नसते आणि बाकीची मुले ते कानाने उचलतात, पण या मुलांना ते शिकवावे लागते.

पंधरा मिनिटांची विभागणी मी अशी करीन : चार मिनिटे तोंडी आवाजांचा खेळ, पाच मिनिटे कार्डे आणि पाटीवर लिहिणे, आणि उरलेल्या वेळात पाच-सहा वाक्यांचा एकच उतारा तीनदा वाचणे. तोच उतारा तिसऱ्यांदा पहिल्यापेक्षा सुकर होतो आणि ते मुलाला स्वतःला जाणवते. या दोघांना वर्गासमोर अचानक उभे करून वाचायला सांगू नका. सांगायचेच असेल तर आदल्या दिवशी एक ओळ ठरवून द्या आणि तयारी करून घ्या.

आपल्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. त्यांना या दोघांच्या नोंदींची वही दाखवा. मराठीसाठी तपासणीची साधनेही आता आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये आली आणि ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी आहे. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून मराठी मुलांना तपासण्यापेक्षा हे कितीतरी योग्य आहे, कारण मराठी वाचताना मूल जिथे अडते त्या जागा इंग्रजीत नाहीतच.

प्रश्न : रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो, असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले आहे. खर्च बराच आहे. करावे का?
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : करू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांचा डिस्लेक्सियावर उपयोग होतो याला शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मुलाचे डोळे आणि कान एकदा नीट तपासून घ्यावेत. नंबर असेल तर साधा चष्मा द्यावा, कारण धूसर दिसत असेल तर कुणालाच वाचता येणार नाही. उरलेले पैसे वाचन शिकवणाऱ्या माणसावर खर्च करा.

प्रश्न : आमची मुलगी इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. तिला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाल्यावर, दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होतो म्हणून घरी फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला मिळाला. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि नात त्यांच्याशी बोलेनाशी झाली आहे. काय करावे?
— एक आई, ठाणे

उत्तर : आजच्या आज तिच्याशी पुन्हा मराठीत बोलायला लागा. दोन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही आणि एक भाषा बंद केल्याने तो जातही नाही. जी भाषा मूल कानांनी जन्मापासून ओळखते, तिच्यातच आवाज सुटे करण्याचा सराव सर्वांत सोपा जातो. 'टाळ, माळ, बाळ' हा खेळ तिच्या आजींना कुणी शिकवावा लागणार नाही.

इंग्रजी वाचन तिला अधिक छळत असेल, याचे कारण त्या लिपीत आहे. सव्वीस अक्षरांत सुमारे चव्वेचाळीस आवाज बसवलेले आहेत, त्यामुळे 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये 'क' होते आणि 'सिटी'मध्ये 'स'. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. म्हणून डिस्लेक्सिया असलेले मूल मराठीत पुष्कळदा बरोबर वाचते, पण फार हळू वाचते, आणि तेच मूल इंग्रजीत चुकतेही आणि अडतेही. मराठी वाचताना चुका कमी दिसल्या म्हणून तिथे तिला अडचण नाही, असे समजू नका. तिला एक परिच्छेद वाचायला किती वेळ लागतो ते पाहा.

एकास-एक साहाय्य मात्र शाळेच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, सुरू करा, कारण परीक्षेपासून विज्ञानापर्यंत सगळे तिला त्याच भाषेत वाचायचे आहे. दोन लिप्यांचे रेमेडियल एकदम लावू नका. इंग्रजीचा पाया वर्षभरात बसला की मराठीसाठी वेगळे तास घेता येतात. राज्य मंडळाच्या सवलतींमध्ये एखादी भाषा सोडून दुसरा विषय घेण्याचा मार्गही आहे. तो पुढे लागला तर घ्यावा, पण त्याचा अर्थ घरातली मराठी सोडणे असा कुणी लावू नये. रात्री आजींनी तिला मराठी गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवावे. स्वतः वाचता येत नाही म्हणून तिच्या वयाच्या मुलीला मिळायला हवेत ते शब्द, त्या गोष्टी आणि ती माहिती तिच्यापासून अडून राहिली, तर हे दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे होते.

प्रश्न : शाळेने आमच्या मुलासाठी प्रमाणपत्र काढायला सांगितले आहे. त्यात 'अक्षमता' हा शब्द असतो. घरात मोठ्या माणसांचा विरोध आहे, मुलावर जन्माचा शिक्का बसेल असे ते म्हणतात. प्रमाणपत्र घेतले तर रेमेडियल लावावे लागणार नाही का?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ही समजूत फार पसरली आहे आणि तिने मुलांचे फार नुकसान केले आहे. प्रमाणपत्राने परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापले जात नाहीत. या सवलती न्याय्य आहेत. पण प्रमाणपत्राने वाचता येत नाही. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत, ज्यांना पाचवीत प्रमाणपत्र मिळाले आणि ते कपाटात ठेवून घरच्यांनी काम झाले असे मानले. दहावीला लेखनिक मिळाला, मुलगा पास झाला आणि बँकेचा अर्ज त्याला आजही वाचता येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो, म्हणून तो शब्द कागदावर येतो. महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतल्या सवलती सुरू केल्या होत्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत यासाठी विभाग आहेत. तुमच्याकडे जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. मूल साधारण आठ वर्षांचे झाल्यावर ही तपासणी होते आणि तिच्यात बुद्धिमापनाबरोबर वाचन, लेखन आणि गणित यांच्या चाचण्या असतात, त्यामुळे एका बैठकीत ती उरकत नाही.

शिक्क्याविषयी एवढेच सांगते की तुमच्या मुलावर शिक्का आधीच बसलेला आहे. 'आळशी', 'ढ', 'लक्ष देत नाही' हे शब्द तो रोज ऐकतो. त्या बदल्यात त्याच्या अडचणीला तिचे खरे नाव मिळत असेल, तर ते घरातल्या मोठ्यांनी त्याला प्रेमाने समजावून सांगावे.

प्रश्न : मी आठवीत आहे. हे पत्र मी सांगत आहे आणि माझी ताई लिहीत आहे. मला विज्ञान आवडते, वर्गात तोंडी उत्तरे मीच देतो, पण वाचायला उभे केले की पोटात दुखते. रेमेडियलला गेलो तेव्हा पहिलीच्या मुलांचे पुस्तक दिले. मित्राने ते पाहिले म्हणून मी जायचे बंद केले. आता उशीर झाला आहे का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : उशीर झालेला नाही. तुझ्याच वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. तो हुशार होता, गणित त्याला आवडायचे, पण वाचता येत नव्हते, आणि स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरांची अदलाबदल केली, तरी ती त्याच्या लक्षात आली नाही. त्याला अनेक वर्षे शिकवणारे मास्तर म्हणाले होते की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या अशा पहिल्या काही मुलांपैकी तो एक. त्याला तेव्हा काय मदत करायची हे कुणालाच नीट माहीत नव्हते. तुझ्या वेळी ते माहीत आहे.

आठवीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक देणे ही मोठ्यांची चूक होती. तुला शिकायची गोष्ट पहिलीची असू शकते, पण शब्द आठवीचेच असायला हवेत. जुन्या शिक्षकांकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे जाशील तेव्हा विज्ञानाचे पुस्तक बरोबर ने आणि यातूनच शिकवा असे सांग. ताई, हे तुम्हीही त्यांना सांगा.

एक नमुना देते. 'वर्तन' हा शब्द घे. 'व', मग रफार घेतलेला 'त', मग 'न'. बोलताना 'वर्' आणि 'तन' असे दोन तुकडे होतात, आणि पहिल्या तुकड्यातला 'र' लिहिताना पुढच्या 'त'च्या डोक्यावर जातो. हा एक शब्द ताईबरोबर बसून नीट पाहा, पाटीवर मोठा लिही, म्हणत म्हणत पाच वेळा लिही. मग त्याच्या आधी 'परा' जोड : परावर्तन. 'अप' जोड : अपवर्तन. 'परि' जोड : परिवर्तन. प्रकाशाच्या धड्यात हे शब्द आले की तुला त्यातला मागचा अर्धा भाग आधीच ओळखीचा असेल आणि पुढची दोन अक्षरेच वाचायची राहतील. मोठे शब्द असे तुकड्यांनी बनलेले असतात, आणि तुकडे ओळखण्यात विज्ञान आवडणारा मुलगा मागे पडत नाही.

वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या, ताईंनी लिहावी आणि आईवडिलांनी सही करावी : 'याला वाचायला अचानक उभे करू नये, आदल्या दिवशी चार ओळी सांगाव्यात, तो तयारी करून येईल.' बहुतेक शिक्षक हे मान्य करतात. बाकीचे धडे ताईने किंवा आईने मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करून द्यावेत. ते ऐकताना पुस्तक समोर उघडे ठेव आणि ओळीखालून बोट फिरव.

येत्या रविवारी विज्ञानाच्या पुस्तकात 'वर्तन' असलेले शब्द शोध. किती सापडले आणि कुठला शब्द अडला, ते मला कळव. अडलेल्या शब्दाचे तुकडे कसे करायचे ते मी तुला उलट टपाली लिहीन.